आधी त्यांना वाचून दाखव

आमच्या सरांचं नाव निघालं की मला आधी राग येतो आणि मग बाकीचं सगळं आठवतं. नांदेडात जुनं कुणी भेटलं की हमखास म्हणतं, "काय माणूस होता! तत्त्वाचा पक्का!" होता म्हणजे काय? आहेत की अजून! विष्णुपुरीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात, दोन्ही वेळा भाकरी खातात, धडधाकट आहेत. पण विद्यापीठातली खुर्ची गेली की आपल्याकडं माणसाला जिवंतपणीच भूतकाळात ढकलतात. आणि तत्त्वाचं म्हणाल तर तत्त्व त्यांचं आणि चटके मला, हे कुणी बोलत नाही. म्हणून मी बोलते.

विद्यापीठात सर्जनशील लेखनाची पदविका सुरू झाली तेव्हा जळकोटात आमच्या घरी ते प्रकरण कुणाला उमगलं नव्हतं. माझ्या वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, किराणा दुकान. त्यांनी विचारलं, "म्हंजे अक्षर सुधारायचं का?" मी म्हटलं, "हो, तसंच." गावातली समदी हुशार पोरं लातूरच्या क्लासला निघाली आणि मी एकटीच नांदेडच्या एसटीत बसले. थोरले काका म्हणजे आमच्या घरातलं हायकोर्ट. त्यांनी साफ नाही म्हटलं होतं. त्यांच्यापुढं अप्पांनीही मान हलवली होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर माझी बॅग कुणी आणून ठेवली, तर त्याच अप्पांनी.

या पदविकेचं एक नियतकालिक होतं. वर्षातून दोन अंक. लिहायचं विद्यार्थ्यांनी, तपासायचं विद्यार्थ्यांनी, छापखान्यातून गठ्ठे वाहून आणायचे तेही विद्यार्थ्यांनीच. संपादक आमचे सर. ते कायम नोकरीत नव्हते. दरवर्षी जूनमध्ये त्यांना अकरा महिन्यांची ऑर्डर मिळायची, ती संपली की घरी, मग पुन्हा नवी ऑर्डर. तिच्यावर विभागप्रमुखांची शिफारस लागायची. अशा माणसानं जरा वाकून राहावं की नाही? पण नाव नको. पहिल्या पानावर कुलगुरूंचा शुभसंदेश छापायचा असतो असं ऑफिसातून कळवलं, तर सरांनी तिथल्या क्लार्कला विचारलं, "लगीनपत्रिका हाय का ही? खाली आहेर स्वीकारला जानार न्हाई असं बी छापू का?"

पांढरा बुशशर्ट, कानावर सुतारासारखी पेन्सिल, आणि साडेदहा वाजले की वर्गात काहीही चालू असो, टेबलावर डबा उघडलाच. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, कधी कांदा. सगळ्यांनी एकेक घास घ्यायचा, सक्तीनं. म्हणायचे, "उपाशी मानसाला अलंकार सुचतात. पोट भरलं की मानूस सरळ बोलतो." वर्ग पहिल्या मजल्यावर होता आणि चटणीचा वास खाली प्रमुखांच्या केबिनपर्यंत जायचा, अशी तक्रारही झाली होती. सरांनी दुसऱ्या दिवशी प्रमुखांना वाटीभर चटणी पाठवली.

आणि त्यांचा तो प्रश्न! "कुणी पाहिलं?" आम्ही उभं राहून वाचायचो आणि ते डोळे मिटून ऐकायचे. एकदा अर्धापूरचा एक मुलगा मोठ्या झोकात वाचत होता, संधिप्रकाशात तिचे डोळे पाणावले. सरांनी एक डोळा उघडला. "कुणी पाहिलं?"

"सर, कल्पना आहे."

"बराबर हाय, पन तू कुठं उभा व्हतास?"

"सर, मी नव्हतोच तिथं. कल्पना आहे."

"आरं, मग कल्पनेत तरी कुठंतरी उभा ऱ्हा की! असा हवेत लटकून काय बघायलास?"

तो मुलगा आता तलाठी आहे आणि पंचनामे फार चांगले लिहितो असं ऐकते.

इथपर्यंत ठीक होतं. विक्षिप्त म्हणा, गमत्या म्हणा, आमचा जीव होता त्यांच्यावर. माझं भांडण आहे ते त्यांच्या नियमाशी. नियम असा, की खऱ्या माणसावरून काही लिहिलं असेल, तर छापायच्या आधी ते त्या माणसाला वाचून दाखवायचं. समोर बसून, तोंडानं. नाव बदललं, गाव बदललं, तरी सुटका नाही. "ज्याचं घेतलंस त्याला आधी वाचून दाखव. पाठीमागं बोललेलं समदं चुगलीत जमा." देगलूरच्या एकानं शेजारच्या भांडखोर म्हातारीवर लिहिलं होतं. तो घाबरत घाबरत वाचायला गेला. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लई कमी भांडनं लिवलास की रे. नळावरचं कुठं हाय?" मग ते नळावरचं भांडण तिनं स्वतः उभं राहून करून दाखवलं. कथा दुप्पट झाली.

माझी पहिली कथा अप्पांवर होती. थोरल्या भावापुढं मान हलवणारा आणि मागं मागं आपल्याच मनासारखं करणारा एक दुकानदार. मी म्हटलं, सर, मला नाही जमणार, बाप आहे माझा. ते म्हणाले, "मी येतो न संगं. भ्याची काय गरज हाय?" आणि आले खरंच. नांदेडहून एसटीत उभ्यानं आले आणि आमच्या दुकानात तुरडाळीच्या पोत्यावर ऐसपैस बसले. अप्पांनी "शरणार्थ सर" म्हणत नमस्कार केला आणि चहा मागवला. मी गल्ल्याशेजारी उभी राहून वाचायला लागले. मध्ये गिऱ्हाइकं येत होती, अप्पा गूळ तोलत होते, साबण देत होते, कान माझ्याकडं. दुकानदार भावाला भितो असं वाक्य आलं, तेव्हा त्यांनी समोरच्या बाईला म्हटलं, "जरा थांबा अक्का." संपल्यावर त्यांनी आधी त्या बाईचं सामान बांधून दिलं. मग म्हणाले, "खरं हाय समदं. पन मी दादाला भेत न्हाई गं. त्याचं मन मोडायला भेतो. तेवढं लिव्ह."

मी तेवढं लिहिलं. कथा छापून आली, अप्पांनी तो अंक गल्ल्यात ठेवला. काकांनी वाचला की नाही माहीत नाही, पण त्या दिवाळीला त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं, "पुढं काय शिकनार हायस?" म्हणजे नियम वाईट होता असं मी तेव्हा कोणत्या तोंडानं म्हणणार? नियमानं मला माझा बाप कळला होता.

आता प्रमुखांच्या वास्तुशांतीचं सांगते.

पदविकेसोबत माझं एम.ए.ही तिथंच चाललं होतं आणि मला पुढं पीएच.डी. करायची होती. एकटीला नाही, आमच्या वर्गातल्या चौघी-पाचजणींना. आणि कोणाला कोणता गाइड मिळणार, मिळणार की नाही, हे सगळं विभागप्रमुखांच्या हातात. त्यांनी नांदेडात नवा बंगला बांधला. आम्हाला निरोप आला, कार्यक्रम आहे, तुम्ही घरच्याच. घरच्याच म्हणजे काय ते सकाळी गेल्यावर कळलं. पंगती वाढा, पाणी द्या, खरकटं उचला, पुन्हा पंगती. नाही म्हणायची कुणाची छाती होती? येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांना प्रमुख आमच्याकडं हात करून सांगत होते, "या आमच्या मुली." त्यांची स्वतःची मुलगी सोफ्यावर बसून मोबाईल बघत होती, ती बिचारी कोण मग? चार वाजता आमची पाळी आली तेव्हा श्रीखंड संपलं होतं. मोरीजवळ उभं राहून आम्ही गार, चिवट झालेल्या पुऱ्या खाल्ल्या. भोकरच्या मुलीची बस चुकली, ती रडायला लागली. दारात गाड्यांची रांग होती, पण एकाही गाडीला तिला सोडायचं सुचलं नाही. आणि निघताना प्रमुखांच्या बाईसाहेब म्हणाल्या, "उद्या सकाळी दोघीजणी या गं, आचाऱ्याची भांडी मोजून द्यायचीत."

मी खोलीवर येऊन रागाच्या भरात लिहिलं. 'आमच्या मुली' असंच नाव दिलं. वर्गात नाही, सरांना एकट्याला वाचून दाखवलं. पूर्ण कथेत त्यांनी एकदाही विचारलं नाही, कुणी पाहिलं म्हणून. पेन्सिल कानावरून खाली आली नाही. शेवटी म्हणाले, "छापू. आपल्या अंकात आजवर आली त्यातली सगळ्यात चांगली हाय." मला आभाळ ठेंगणं झालं. आणि मग ते म्हणाले, "आता त्यांना वाचून दाखव."

"कुणाला?"

"ज्यांचं घर हाय त्यांना."

"सर, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? माझी पीएच.डी. आहे त्यांच्या हातात!"

"तुज्या बापाला वाचून दाखवलीस का न्हाई?" सर म्हणाले. "किराना दुकानदाराला एक कायदा आन् प्रोफेसराला दुसरा? असं आपल्या अंकात न्हाई चालायचं."

मी कागद पिशवीत घातले आणि हो म्हटलं. आजही त्या हो म्हणण्याची चीड येते. दोन दिवसांनी आम्ही दोघं प्रमुखांकडं गेलो. केबिनच्या दाराशी आल्यावर सर बाकावर बसले. म्हणाले, "जा तू."

"तुम्ही?"

"संपादकानं आत यायाचं नसतं. लेखक आन् त्यो मानूस, दोघंच असतात."

"जळकोटला तर आला होतात."

"ते तुझं घर व्हतं. वळख व्हायला पाहिजे म्हून आलो. जा, खामखा टाइम करू नको."

मी गेले. प्रमुखांनी "बसा, बसा" म्हणत चहा सांगितला. काय आदब! पोटावर हात बांधून त्यांनी कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. घाबरून एक पान तर मी दोनदा वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. संपल्यावर त्यांनी विचारलं, "पुऱ्या खरंच गार होत्या?"

"हो, सर."

"अरेरे. आचाऱ्याला बोलायला हवं होतं." मग हसून म्हणाले, "छान लिहिता. निरीक्षण आहे तुमच्याकडं. या."

बाहेर येऊन मी सरांना सांगितलं, सर, छान म्हणाले. सरांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं आपणच मूर्ख, उगाच घाबरलो. जगात असेही मोठ्या मनाचे लोक असतात! आम्ही दोघांनी कॅन्टीनला जाऊन भजी खाल्ली. आठवलं की आजही स्वतःची कीव येते.

पुढच्या आठवड्यात सल्लागार मंडळ नावाची वस्तू जन्माला आली. तोवर अंकाला असलं काही नव्हतं. मंडळानं अंक 'पाहिला'. अंक छापून आला तेव्हा माझ्या कथेच्या जागी प्रमुखांचा ललित लेख होता, 'गोदाकाठची सांज', सोबत शाल पांघरलेला फोटो. सांज कुणी पाहिली होती देव जाणे, त्यांच्या बंगल्यातून तर समोरची पाण्याची टाकी दिसते. पीएच.डी.च्या मुलाखतीत तेच मधोमध बसलेले. म्हणाले, "तुमचा पिंड सर्जनशील आहे. संशोधनात तुमची घुसमट होईल. आम्हाला ते पाप नको." मंडळी हसली. त्यातल्या एका बाईंना मी वास्तुशांतीत दोनदा श्रीखंड वाढलं होतं, त्याही हसल्या. आणि जूनमध्ये सरांची ऑर्डर आली नाही. कारण विचारलं तर वर्कलोड नाही. पोरं वर्गात मावत नव्हती आणि म्हणे वर्कलोड नाही!

मी गाव गाठायला निघाले तेव्हा सर स्टँडवर सोडायला आले होते. तिथं माझा तोल सुटला. लोक बघत होते, बघू देत. मी म्हटलं, "तुमचं तत्त्व तुमच्यापाशी ठेवा सर. किराणा दुकानदाराच्या हातात माझी पीएच.डी. नव्हती! अप्पांना वाचून दाखवणं आणि यांना वाचून दाखवणं एकच का? ऐकणाऱ्याच्या हातात आपली मान असली की ते वाचून दाखवणं राहत नाही, तो अर्ज होतो. एवढं कळलं नाही तुम्हाला? आणि आम्हाला लेखन शिकवता!"

ते म्हणाले, "हाव."

नुसतं हो? म्हणजे काय? काही पुढं बोलतील म्हणून मी थांबले. बोलले नाहीत. जळकोटवरून जाणारी उदगीरची बस लागली, मी चढले, त्यांना नमस्कारसुद्धा केला नाही.

त्यानंतर लातूर. स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये मराठी शिकवते. मुलं चांगली आहेत, कामाची आहेत, त्यांना चार पर्यायांतून एक बरोबर उत्तर हवं असतं. अधूनमधून सरांचा फोन यायचा. "लिवायलीस का?" मी "हो" म्हणायचे आणि विषय बदलायचे. अप्पाही दर खेपेला विचारायचे, "ती दुसरी कथा कधी येनार गं?" गल्ल्यातल्या त्या एका अंकाचं पार लक्तर झालंय, तरी येईल त्याला दाखवतात.

मागच्या वर्षी विभागाचा नवा अंक माझ्या मोबाईलवर आला. उघडला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्याच पानावर चौकटीत, 'आमच्या विभागाची अभिनव परंपरा: लेखक-व्यक्ती संवाद'. विद्यार्थी ज्यांच्यावर लिहितात त्यांना ते वाचून दाखवतात, असं सांगून खाली फोटो. खुर्चीत प्रमुख, समोर उभी मुलगी हातात कागद घेऊन. तपासणी समितीनं या उपक्रमाचं कौतुक केलं म्हणे. ज्या माणसाला हाकललं त्याचाच नियम धुऊन इस्त्री करून अंगावर घातला! आणि आतलं लेखन? 'माझे प्रेरणास्थान', 'ज्ञानाचा वटवृक्ष', 'आम्हां मुलींचे पितृतुल्य'. ज्यांना वाचून दाखवायचं त्यांच्यावर पोरं दुसरं काय लिहिणार? सरांचं नाव अख्ख्या अंकात कुठं नाही, संपादकांच्या जुन्या यादीत पण नाही.

आणि गेल्या महिन्यात खुद्द प्रमुखांचा फोन. निवृत्त होताहेत, गौरव अंक निघतोय. "ती तुमची वास्तुशांतीची कथा होती ना? ती द्या. मी किती मोकळ्या मनाचा माणूस आहे, हे लोकांना दिसू दे. फक्त ते पुऱ्यांचं काढा. आणि शेवटी त्या मुलींना काहीतरी मिळतं असं दाखवा. आशावाद हवा हो साहित्यात."

खरं सांगते, एक क्षण मला मोह झाला. कथा छापली जावी असं कुणाला वाटत नाही? इतकी वर्षं ती माझ्या कपाटात पडून आहे. दोन पुऱ्या काढल्या तर काय बिघडतं, असं मनात येऊन गेलं. मग ती मोरी आठवली, भोकरची पोरगी आठवली. मी म्हटलं, "सर, पुऱ्या गार होत्या. आणि त्या मुलींना काही मिळालं नाही. छापायची तर तशीच छापा."

"विचार करा. संधी पुन्हा येत नाही."

"नाही येऊ दे," म्हटलं आणि फोन ठेवला. कथा आता कुठंच छापून येणार नाही हे मला कळत होतं, तरी अंगात नुसती वाफ भरली होती.

रविवारी लातूरहून बस धरली आणि विष्णुपुरीला उतरले. सरांच्या दाराला कडी नसतेच. कानावर पेन्सिल, समोर कुणा पोराच्या कथेचे कागद. मला बघून त्यांनी स्टोव्हवर चहा ठेवला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फोटो, चौकट, फोन, पुऱ्या. मला वाटलं आता टाळी देतील, शाब्बास म्हणतील. चहा उतू गेला, तरी उठले नाहीत. मीच पुढं होऊन स्टोव्ह विझवला.

"सर, काहीतरी बोला की. चुकलं का माझं?"

"तुझं न्हाई चुकलं." मग खाली बघत म्हणाले, "त्या दिवशी मी भायेर बाकावर कामून बसलो, ठाव हाय का तुला?"

"संपादकानं आत यायचं नसतं म्हणून."

"तसं कुठं बी नव्हतं. समद्या पोरांच्या संगं मी आत जायाचो. म्हातारीच्या घरी गेलो, तुज्या दुकानात बसलो." पेन्सिल कानावरून काढून त्यांनी कागदावर ठेवली. "माझ्या ऑर्डरीची शिफारस त्यांच्या टेबलावर व्हती. सही व्हायची व्हती. मी तुज्या शेजारी बसलेला दिसलो असतो तर झाली नसती. मला भ्या वाटलं. म्हून तुला एकटीला आत ढकललं आन् वरून नेमाचं नाव सांगितलं. स्टँडवर तू बोललीस त्ये बराबर व्हतं, पन अर्धंच व्हतं. उरलेलं मी सांगायला पाहिजे व्हतं. तोंड उघडलं न्हाई."

मी इतकी वर्षं त्यांच्या तत्त्वाशी भांडत आले होते. भांडी घासताना, बसमध्ये, वर्गात फळा पुसताना. आणि त्या बाकावर तत्त्व नव्हतंच. तिथं माझ्यासारखाच एक घाबरलेला माणूस बसला होता, माझ्यापासून एका दाराच्या अंतरावर. रडू येत होतं की राग, मला सांगता येणार नाही, पण आवाज मात्र चांगला चढला.

"अहो सर, मग तेव्हाच सांगायचं की! मी काय वाघीण होते का? आत माझे पाय लटलट कापत होते. या ना आत, दोघं मिळून घाबरलो असतो!"